नेम बसेना तेव्हा

साउथ डकोटात ऑक्टोबरचा तिसरा शनिवार हा सणाचा दिवस. त्या दिवशी सकाळी दहा वाजता फेझंटच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि ३१ जानेवारीच्या सूर्यास्ताला संपतो. बँकेतले कारकून, शाळेतले मास्तर, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मिस्त्री, सगळे भगव्या टोप्या आणि जाकिटं घालून शेतांच्या कडेला हजर असतात. मी या भागात गुरांची डॉक्टर आहे. मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले, परदेशी पदवीधरांना इथे द्याव्या लागणाऱ्या परीक्षा दिल्या आणि जेम्स नदीच्या खोऱ्यात, स्पिंक काउंटीच्या आसपास काम करू लागले. बंदूक इथेच पहिल्यांदा हातात धरली, तीही कामामुळेच. रात्री-अपरात्री ज्यांच्या अडलेल्या गायी सोडवल्या, त्यांनी आपल्या शेतांची फाटकं माझ्यासाठी उघडी केली. खाजगी जमिनीवर शिकारीला जायचं तर मालकाची परवानगी लागते आणि बाहेरगावचे शिकारी त्यासाठी दिवसाला भरपूर पैसे मोजतात. मला ती परवानगी गायींनी मिळवून दिली.

फेझंट हा मोर, तित्तर, लाव्हा आणि रानकोंबडा यांच्याच कुळातला पक्षी. नराचं डोकं हिरवंनिळं, डोळ्याभोवती लालभडक कातडी, गळ्यात पांढरं कडं, अंगावर तांबूस-सोनेरी पिसं आणि मागे लांबच लांब शेपटी. मादी वाळल्या गवताच्या रंगाची. हा पक्षी मूळचा इथला नव्हे. चीनमधून आणलेले फेझंट १८८० च्या दशकात ओरेगॉनमध्ये सोडले गेले, तिथे ते टिकले. साउथ डकोटात १९०८ मध्ये रेडफिल्ड गावाजवळ सोडलेले पक्षी रुजले. १९१९ मध्ये स्पिंक काउंटीत पहिला हंगाम झाला, तो एकाच दिवसाचा. १९४३ मध्ये फेझंट राज्यपक्षी झाला. मारायला परवानगी फक्त नराची, माणशी दिवसाला तीन. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर कमी झाले तरी पुढच्या वर्षीच्या पिलांना तोटा होत नाही, असा त्यामागचा हिशोब. म्हणून गवतातून पक्षी उसळला की आधी ओळखायचं ते नर की मादी. सोबतचे लोक ओरडतात, ‘रूस्टर!’ किंवा ‘हेन!’ ते ओळखणं, बंदूक खांद्याला लावणं, सुरक्षेची कळ सरकवणं, पक्ष्याच्या मागून नळी पुढे नेणं आणि घोडा ओढणं, एवढं सगळं दोन-तीन सेकंदांत उरकायचं असतं.

काही हंगाम माझा हात चांगला चालला. माझी कुत्री तांबी ब्रिटनी जातीची आहे, पांढऱ्या अंगावर तांबडे डाग असलेली. ती वास लागला की एक पाय उचलून जागीच थिजते. मी तिच्या बाजूने पुढे जायची, पक्षी उठायचा, बंदूक उठायची, पक्षी पडायचा. मधलं काही आठवायचं नाही. कुणी विचारलं असतं की नळी पक्ष्याच्या किती पुढे ठेवली होतीस, तर मला सांगता आलं नसतं.

मग एका हंगामात नेम गेला. सुरुवातीचे चुकलेले पक्षी मी वाऱ्याच्या नावावर टाकले. प्रेअरीवर वारा कायमच असतो, त्यामुळे ते कारण सोयीचं. पुढे ते पुरेना. तांबीने पक्षी रोखून धरावा, तो माझ्यापासून पंधरा पावलांवरून उठावा, आकाशात स्वच्छ दिसावा आणि दोन्ही नळ्या रिकाम्या झाल्यावरही तसाच ओरडत, पंख फडफडवत ज्वारीच्या पट्ट्यापलीकडे निघून जावा. तांबी पळत जायची, पक्षी पडायला हवा तिथे गोल फिरून हुंगायची आणि परत यायची. काही आठवड्यांनी तिचं रोखणंही बिघडलं. पक्षी उठायच्या आधीच ती पुढे झेप घेऊ लागली. तिच्या कामाचा शेवट तिला मिळत नव्हता आणि त्याचा परिणाम तिच्या कामावर झाला, असं मी समजते.

गावाकडच्या माणसांना वाटतं की छर्‍याच्या बंदुकीने चुकणं अवघड. एका काडतुसात शेकडो छर्रे, त्यातला एखादा तरी लागणारच. माझाही आधी हाच समज होता. माझ्या वीस बोअरच्या काडतुसात २८ ग्रॅम, म्हणजे सहा नंबरचे साधारण सव्वादोनशे छर्रे असतात. नळीच्या तोंडाशी असलेला चोक, म्हणजे ती किंचित आवळलेली जागा, ते किती पसरतील हे ठरवतो. मोजण्याची रीत ठरलेली आहे: ४० यार्डांवर, म्हणजे सुमारे ३७ मीटरवर, ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात किती टक्के छर्रे बसतात ते पाहायचं. मोकळ्या चोकने साधारण ५०, मधल्याने ६०, पूर्ण आवळलेल्याने ७०. हे वर्तुळ मोठं वाटतं, पण आता पक्ष्याचा वेग धरा. पुरता वेग घेतलेला फेझंट ताशी ६० किलोमीटरच्या वर सहज जातो, म्हणजे सेकंदाला १७-१८ मीटर. २७ मीटरवरून आडवा जाणाऱ्या पक्ष्यापर्यंत छर्रे पोहोचायला सेकंदाचा अकरावा-बारावा भाग लागतो आणि तेवढ्यात पक्षी जवळपास दीड मीटर सरकलेला असतो. पक्ष्यावर धरलं तर छर्रे शेपटीमागून जातात. नळी फिरताना क्षणभर जरी थांबली तरी तेच.

यात शेपटीची भर. नराच्या लांबीतला निम्मा भाग शेपटीचाच असतो आणि डोळा आपोआप पक्ष्याच्या मध्यावर जातो. तो मध्य म्हणजे नेमका शेपटीचा बुडखा. माझ्या ओळखीचे एक वयस्क शेतकरी, ज्यांच्या बांधावर मी सर्वांत जास्त चालले आहे, मला पहिल्या वर्षीच म्हणाले होते, “डॉक, पक्ष्याकडे बघू नका. गळ्यातल्या पांढऱ्या कड्याकडे बघा.” लंडनचे प्रसिद्ध बंदूक कारागीर रॉबर्ट चर्चिल यांची सगळी शिकवण याच विचारावर उभी होती. किती पुढे धरायचं ते मोजू नका, नजर पक्ष्यावर ठेवा, हात आपोआप नळी पुढे नेतील. मला हे माहीत होतं. हंगामभर माहीत होतं आणि हंगामभर होत नव्हतं.

नेम जातो तेव्हा नक्की काय होतं हे मला नीट सांगायचं आहे, कारण शिकारीवरच्या लेखनात त्याबद्दल फार थोडं असतं. नेम बसत होता तेव्हा नळी मला कधी दिसलीच नव्हती. आता ती दिसू लागली. टोकावरचा पितळी मणी दिसू लागला. पक्षी उठायच्या आधीच डोक्यात सूचना सुरू व्हायच्या: गाल दस्त्यावर टेकव, नळी थांबवू नकोस, शेपटी सोड, कडं बघ. सूचना सगळ्या बरोबर होत्या. पण डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्थिर होतो. मणी स्पष्ट दिसतो तेव्हा पक्षी धूसर होतो आणि मणी पक्ष्यापुढे नीट बसला का हे तपासायला नजर मागे आली की त्या तपासणीतच नळी थांबते. चुकलं की पुढच्या पक्ष्याला अधिक काळजीने नेम धरायचा, आणि काळजी जितकी जास्त तितकी नजर नळीवर जास्त. या चक्रातून इच्छाशक्तीने बाहेर पडता येत नाही. प्रयत्न हेच त्या चक्राचं इंधन आहे.

सल्ले भरपूर मिळाले. चोक मोकळा कर. चोक आवळ. पाच नंबरचे छर्रे घे. सरकारी गवताळ जमिनींवर बहुतेक ठिकाणी शिशाचे छर्रे चालत नाहीत, पोलादी वापरावे लागतात. ते हलके असतात आणि वेग लवकर गमावतात, म्हणून दोष त्यांचाच, असंही कुणी म्हणालं. वीस बोअर सोडून बारा बोअर घे, हा सल्ला सर्वांत जास्त वेळा आला. मी एक बारा बोअर उसनी आणली. ती जड होती. तिने निकाल आणखी बिघडला, आणि का बिघडला हे कळायला मला डिसेंबर उजाडावा लागला.

त्याआधी नोव्हेंबरच्या मध्याला एक गोष्ट घडली. एका दलदलीच्या काठाने आम्ही चाललो होतो. पाणकणसं वाळून पिवळी पडली होती, काठाशी बर्फाचा पातळ पापुद्रा होता. तांबी थिजली. नर उठला आणि डावीकडून उजवीकडे गेला. मी बार काढला. त्याचा एक पाय लोंबकळू लागला, पण तो पडला नाही. पंख ताठ करून तो तरंगत पाणकणसांच्या पार पलीकडे उतरला. आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत शोधत राहिलो. जखमी फेझंट पळतो आणि दाट गवताच्या बुडाशी, बिळात, जिथे शिरता येईल तिथे शिरतो. तांबी चांगली शोधते, कित्येकदा तिने असे पक्षी आणून दिले आहेत. तो मात्र सापडला नाही.

साफ चुकलेला पक्षी उद्या पुन्हा उडतो. छर्रे खाऊन निसटलेल्याचं काय होतं हे मला इतरांपेक्षा जास्त नेमकं ठाऊक आहे. मोडलेल्या पायाने कोंबडीवर्गातल्या पक्ष्याला उकरून दाणा शोधणं अवघड जातं, पोटात छर्रा असेल तर आतडं सडतं आणि एवढ्याने मरण आलं नाही तर रात्री कोल्हा किंवा घुबड येतं. गुरांच्या दवाखान्यात मी वेदना कमी करायचं काम करते. शिकारीत मरण देते, ते झटपट द्यायची अट मी स्वतःला घातलेली आहे. ती अट पाळणं ज्याच्यावर अवलंबून आहे तेच माझ्याकडे उरलं नव्हतं. नेम गेल्याची चीड मला त्या दिवसापर्यंत स्वतःबद्दल वाटत होती. त्या संध्याकाळनंतर प्रश्न एवढाच राहिला की अशा हाताने पक्ष्यावर बंदूक उचलावी का. मी उचलायची नाही असं ठरवलं आणि कारण शोधायला घेतलं.

महाराष्ट्रातल्या नातेवाइकांना माझी शिकार पटत नाही. डॉक्टर असून मारतेस कशी, असं आत्या दर फोनला विचारते. मी वाद घालत नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली, ते योग्य झालं असंच माझं मत आहे. तिथे पुन्हा ती सुरू व्हावी असं मला वाटत नाही. अमेरिकेतली घडी वेगळी आहे. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरच्या ११ टक्के कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना जातो. १९८५ पासून शेतकऱ्यांना काही जमीन पड ठेवून तिच्यावर गवत राखायचे पैसे सरकार देतं. त्या गवतात फेझंट घरटी करतात, आणि त्यांच्याबरोबर मेडोलार्कसारखे ज्यांना कुणी मारत नाही असे कितीतरी पक्षी. गवत नांगरलं गेलं की फेझंट घटतात, बंदुकीपेक्षा कितीतरी जास्त. हे मी आत्याला सांगते. तिला ते पटतं असं नाही, पण “मारायचंच असेल तर हाल करून मारू नकोस” एवढं ती एकदा म्हणाली, आणि तिच्या त्या बोलण्याला माझ्याकडे त्या हिवाळ्यात उत्तर नव्हतं.

कारण शोधायची सुरुवात कागदापासून केली. मोठा पांढरा कागद, मध्यभागी काळा ठिपका, ठरावीक अंतरावर उभं राहायचं, डोळे ठिपक्यावर ठेवून नेम न धरता बंदूक पटकन खांद्याला लावायची आणि बार काढायचा. असे कागद ओळीने टांगले. ठिपका सोडून छर्‍यांचा जमाव प्रत्येक कागदावर डावीकडे आणि किंचित वर बसला होता. वीस बोअरचंही तेच, उसन्या बारा बोअरचंही तेच. म्हणजे बंदूक सरळ होती. मग त्या वयस्क शेतकऱ्यांनी सुचवलं म्हणून चष्म्याच्या डाव्या काचेवर चिकटपट्टी लावली आणि पुन्हा बार काढले. जमाव ठिपक्याकडे सरकला.

उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा उजवा डोळा नळीच्या ओळीत असतो. मेंदू दोन डोळ्यांपैकी एकाला पुढारी मानतो. बहुतेकांचा तो उजवा असतो, पण सर्वांचा नाही, आणि बायकांमध्ये डावा पुढारी असण्याचं प्रमाण जास्त दिसतं असं बंदूक शिकवणारे सांगतात. माझा उजवाच होता. तो मागे का पडला? उत्तर माझ्या नाकावर होतं. त्याच उन्हाळ्यात मला चाळिशी लागली होती आणि मी प्रोग्रेसिव्ह काचांचा नवा चष्मा घेतला होता. या काचेत वरचा भाग दूरचं पाहायला, खालचा जवळचं, आणि कडेचे भाग धूसर. सरळ उभं राहून गाय पाहायला तो उत्तम. पण बंदूक खांद्याला लावताना मान पुढे झुकते, डोकं दस्त्यावर कलतं आणि उजवा डोळा काचेच्या वरच्या, नाकाकडच्या कोपऱ्यातून पाहू लागतो. तिथे काच नीट दाखवत नाही. उजव्याला धूसर दिसलं की डावा पुढारीपण घेतो आणि नळी डावीकडे जाते. शिवाय स्पष्ट दिसावं म्हणून मान आपोआप वर उचलली जाते. गाल दस्त्यावरून सुटला की छर्रे वरून जातात. हे सगळं मला न विचारता, अर्ध्या सेकंदात घडत होतं.

आता मागे वळून चुकलेले पक्षी आठवले तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. उजवीकडून डावीकडे जाणारे अधूनमधून पडत होते. डावीकडून उजवीकडे जाणारे जवळजवळ कधीच नाही. नळी डावीकडे जात असेल तर उजवीकडे पळणाऱ्या पक्ष्याच्या ती मागेच राहणार. पण एवढ्याने सगळं उलगडत नव्हतं, कारण पट्टी लावूनही ते पक्षी अवघडच जात होते.

दुसरं कारण मला माझ्या कामात सापडलं. ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे वासरांचं दूध तोडण्याचा आणि गायींच्या गाभण तपासणीचा काळ. गाय खोड्यात येते, शेपटी बाजूला, खांद्यापर्यंत हातमोजा घातलेला हात आत, गर्भाशय चाचपायचं, ‘गाभण’ किंवा ‘भाकड’ असं ओरडून सांगायचं, पुढची गाय. एका सकाळी शेकडो गायी. मी उजव्या हाताने लिहिते आणि सुई मारते, म्हणून तपासणीला डावा हात वापरते. बहुतेक उजवखोरे पशुवैद्य तसंच करतात. आत गाय आवळते, हात बधिर होतो, खांदा भरून येतो. खांद्याचं दुखणं हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं आहे. आणि बंदूक फिरवतो तो डावा हात. तोच नळी धरतो, तोच ती पक्ष्याच्या पुढे नेतो. उजवीकडे जाणाऱ्या पक्ष्यामागे तो शरीराच्या आडवा ओढावा लागतो. दिवसभर गायी तपासून दुपारी शेतात उतरल्यावर तो हात सुरुवातीला थोडी बंदूक नेत होता आणि मग थांबत होता. जड बारा बोअरने निकाल का बिघडला ते इथे कळलं.

स्कीटच्या मैदानावर हे आधीच लक्षात आलं असतं असं कुणी म्हणेल. मी तिथेही जात होते. उडत्या मातीच्या चकत्या टिपण्याचा स्कीट हा खेळ १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधल्या अँडोव्हरला चार्ल्स डेव्हिस आणि त्यांच्या मित्रांनी ग्राउझ पक्ष्यांच्या शिकारीचा सराव म्हणून काढला. सुरुवातीला नेमबाज पूर्ण गोल फिरत असत; शेजारी कोंबड्यांचं फार्म निघाल्यावर त्याचा अर्धगोल झाला असं सांगतात. सरावाचा तो उत्तम प्रकार आहे, पण त्यात एक खोट आहे. यंत्रातून सुटलेली मातीची चकती सुरुवातीला सर्वांत वेगवान असते आणि पुढे मंदावते. फेझंटचं उलटं. तो उठतो तेव्हा सर्वांत संथ असतो, सरळ वर चढतो आणि मग वेग धरतो. स्कीटवर थांबती नळी खपून जाते, कारण चकतीही थांबत चाललेली असते. शिवाय स्कीटला मी जुना, साध्या काचांचा चष्मा घालून जायची. तो गाडीतच असायचा. मैदानावर माझे आकडे बरे होते आणि म्हणूनच मी शेतातल्या चुका मनाच्या माथी मारत राहिले.

हे मला महत्त्वाचं वाटतं. नेम गेला की सगळे म्हणतात, डोक्यात गेलंय, विचार करू नकोस. त्यात खरं आहेच, वर मी लिहिलंय ते तेच. पण डोक्यात जाण्याआधी ते शरीरात कुठेतरी सुरू झालेलं असतं. डोळा, खांदा, वाढलेलं वय, नवं जाकीट ज्याच्या जाडीने दस्ता बगलेत अडकतो. मनाला दोष दिला की माणूस शोध थांबवतो. एखादी गाय दूध आटवते तेव्हा ती उदास आहे असं म्हणून मी घरी जात नाही. आधी तिचे खूर बघते.

चष्मा करणाऱ्याकडे मी बंदूक नेली नाही. दस्त्याच्या उंचीची एक लाकडी पट्टी नेली, ती खांद्याला लावून मान कलती केली आणि डोळा काचेत कुठे येतो ते त्याला खुणेने दाखवलं. त्याने दूरच्या नंबराच्या साध्या काचा बनवल्या, केंद्र वर आणि नाकाकडे सरकवून. खर्च फारसा आला नाही. खांद्याला व्यायाम सुरू केला. पुढच्या वर्षीपासून गाभण तपासणीला दांडीवर बसवलेला अल्ट्रासाउंडचा प्रोब घेतला. पडद्यावर गर्भ दिसतो, हात बाहेर राहतो. तो मात्र महाग आहे, आणि मला तो बंदुकीपेक्षा खांद्यासाठी आधीच घ्यायला हवा होता असं माझ्यासोबत काम करणाऱ्या सगळ्यांचं म्हणणं पडलं.

जानेवारीत मी पुन्हा शेतात गेले. हंगामाच्या शेवटी जे नर उरतात ते हुशार असतात. फाटकाचा आवाज झाला की ते पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाने पळ काढतात. बर्फात शेतकऱ्यांनी पक्ष्यांसाठी मुद्दाम उभी ठेवलेली ज्वारी असते. परभणीकडची माझी माणसं ज्या पिकावर जगली ते पीक इथे गुडघाभर बर्फात फेझंटसाठी उभं असतं, आणि मला ते पाहून दर वर्षी बरं वाटतं. मी स्वतःला नियम घातले होते: तांबीने रोखलेल्याच पक्ष्यावर बार काढायचा, तीसेक यार्डांच्या आतच, आणि ज्या दिवशी गायी तपासल्या त्या दिवशी बंदूक गाडीत ठेवायची. पहिला नर उठला तो दूर होता, मी जाऊ दिला. दुसरी मादी होती. तिसरा डावीकडून उजवीकडे गेला. मला त्याचं पांढरं कडं दिसलं, नळी दिसली नाही. तो पडला, आणि तांबीने तो न चघळता माझ्या हातात दिला.

त्यानंतर सगळं जसंच्या तसं परत आलं नाही. अजूनही काही दिवस मणी दिसतो. दिसला की मी बंदूक खाली करते आणि तांबीला नुसती फिरवून आणते. तिचं रोखणं सुधारायला मात्र पूर्ण एक हंगाम गेला. कुत्र्याचं बिघडलेलं काम माणसाच्या नेमापेक्षा उशिरा दुरुस्त होतं.

अलीकडे मिनेसोटा, आयोवा, साउथ डकोटात नोकरीला आलेली मराठी मुलं-मुली सहकाऱ्यांबरोबर पहिल्यांदा शिकारीला जातात आणि मला फोन करून कोणती बंदूक घेऊ असं विचारतात. त्यांना माझं सांगणं असं आहे: बंदुकीआधी सुरक्षिततेचा वर्ग करा आणि कुत्रं असलेल्या माणसाबरोबर जा. हंगामाच्या महिनाभर आधी कागदावर बार काढून छर्रे कुठे बसतात ते पाहा. तुमच्या नाकावर प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर शेतासाठी दुसरा करून घ्या. आणि हात किंवा डोळा साथ देत नसेल त्या दिवशी बंदुकीत काडतूस घालू नका.